टीडीएस ८१, तरी ११ घरांत जुलाब: वाशीतल्या एका सोसायटीच्या पाण्याचं प्रकरण

वाशीत खाडीकडच्या बाजूला असलेली एक सोसायटी. दोन विंग, सात-सात मजले, मजल्यावर चार घरं. म्हणजे एका विंगेत २८ घरं. दोन्ही विंगांना जमिनीखालची टाकी वेगळी आणि गच्चीवरचीही वेगळी. जुलैच्या पहिल्या आठवड्यात अमावास्येच्या उधाणात रात्रभर पाऊस कोसळला. तिसऱ्या दिवसापासून बी विंगेत जुलाब सुरू झाले. आठवड्याभरात ११ घरांतली १९ माणसं आजारी पडली. ए विंगेत आजारी पडला एकच मुलगा, आणि तो रोज दुपारी बी विंगेतल्या आजीकडे जेवायला जायचा. (ठाणे आणि नवी मुंबईतल्या सोसायट्यांत पुन्हा पुन्हा सापडणारे दोष इथे एकाच सोसायटीत एकत्र करून मांडले आहेत. मापं आणि आकडे त्या दोषांना साजेसे घेतले आहेत.)

कमिटीने पहिलं काम केलं ते टीडीएस मीटर आणण्याचं. स्वयंपाकघरातल्या नळाचं पाणी वाटीत घेऊन मीटर बुडवला, आकडा आला ८१. ‘पाचशेपर्यंत चालतं, आपलं तर ८१ आहे,’ असं म्हणून पाणी निर्दोष ठरलं. संशय गेला नाक्यावरच्या पाणीपुरीवाल्यावर. इथेच चार दिवस वाया गेले, आणि त्या चार दिवसांत आणखी सात माणसं आजारी पडली.

टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार. मीटर तेही थेट मोजत नाही. तो पाण्यातून वीज किती सहज वाहते ते पाहतो आणि त्यावरून क्षारांचा अंदाज सांगतो. जिवाणू आणि विषाणू त्याला दिसतच नाहीत. एका जिवाणूचं वजन ग्रॅमच्या एक लाख कोटीव्या भागाच्या आसपास असतं. लिटरभर पाण्यात दहा लाख जिवाणू असले तरी सगळ्यांचं मिळून वजन मिलिग्रॅमचा हजारावा भाग भरेल. मीटरचा शेवटचा आकडासुद्धा त्याने हलणार नाही. भारतीय मानक आयएस १०५०० मध्ये टीडीएसची ५०० मि.ग्रॅ. प्रति लिटर ही स्वीकार्य मर्यादा आहे. पण त्याच मानकात हेही लिहिलं आहे की १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय हा जिवाणू अजिबात आढळता कामा नये. पहिला आकडा पाणी चवीला कसं लागेल आणि भांड्यावर थर किती साचेल ते सांगतो. जुलाबाशी संबंध आहे तो दुसऱ्याचा.

खरं तर मीटरने एक धागा दिला होता, तो कुणी उचलला नाही. पालिकेची लाइन सोसायटीत येते तिथे, म्हणजे पाण्याच्या मीटरजवळ, टीडीएस ७२ होता आणि बी विंगेच्या नळाला ८१. नवी मुंबईला मोरबे धरणाचं पाणी भोकरपाड्याच्या केंद्रात शुद्ध होऊन येतं. पावसाळी धरणाचं पाणी असल्यामुळे ते मुळातच हलकं आहे. सोसायटीच्या आत आल्यावर त्यात नऊची भर पडत असेल, तर आत काहीतरी मिसळतंय. ३०,००० लिटरच्या टाकीत ५०० टीडीएसचं ६०० लिटर गटाराचं पाणी शिरलं तर आकडा जेमतेम आठ-नऊनेच वाढतो. बाहेर आणि आत, दोन्हीकडे मोजून फरक पाहिला असता तर हा मीटर कामाचा ठरला असता. एकट्या आकड्यावरून निकाल देता येत नाही.

त्याच आठवड्यात दुसऱ्या मजल्यावर एक विक्रेता आला. ‘ताई, दोन ग्लास द्या, एक नळाचं पाणी, एक आरओचं.’ चार कांड्यांचं एक यंत्र त्याने दोन्ही ग्लासांत सोडलं आणि प्लग लावला. मिनिटभरात नळाच्या पाण्यावर तपकिरी-हिरवा गाळ आला. आरओचं पाणी जवळपास नितळच राहिलं. पाहणाऱ्याच्या अंगावर काटा यावा असाच हा प्रयोग असतो. पण तो गाळ पाण्यातला नसतो, कांड्यांचा असतो. यंत्रात लोखंडाच्या आणि ॲल्युमिनियमच्या कांड्या असतात. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, लोखंड झिजतं आणि त्याचा गंज पाण्यात उतरतो. आरओच्या पाण्यात क्षार नसल्यासारखेच, म्हणून वीज वाहत नाही आणि कांडी झिजत नाही. त्याच आरओच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाका आणि यंत्र पुन्हा लावा, तेही तपकिरी होईल. त्या दिवशी कुणी मीठ टाकायला सांगितलं नाही, आणि चार घरांनी नवीन आरओ बुक केले.

अर्ध्या तासाची तपासणी

अशा वेळी आधी मोजायचा तो क्लोरीन. शुद्धीकरण केंद्रात पाण्यात क्लोरीन घालतात. नळापर्यंत त्यातला थोडा शिल्लक राहावा म्हणून तो हिशेबाने घालतात. मानकाप्रमाणे शिल्लक क्लोरीन किमान ०.२ मि.ग्रॅ. प्रति लिटर हवा. शिल्लक आहे याचा अर्थ वाटेत घाण मिसळली असती तरी तिच्याशी लढायला काहीतरी उरलं आहे. तो शून्यावर आला असेल तर कुठेतरी खर्ची पडला.

चाचणी ग्रामपंचायतीतला जलसुरक्षकही रोज करतो इतकी सोपी आहे. क्लोरोस्कोप या रंग जुळवून क्लोरीन मोजायच्या साधनाच्या नळीत खुणेपर्यंत पाणी घ्यायचं, ओटीचे (ऑर्थोटोलिडिन या रसायनाचे) थेंब टाकायचे, हलवायचं आणि लगेच, दहा सेकंदांच्या आत, पिवळ्या रंगाची पट्टीशी तुलना करायची. पाच मिनिटांनी पाहिलं तर रंग गडद होतो आणि आकडा फसवा येतो. डीपीडी या दुसऱ्या रसायनाच्या गोळीने पाणी गुलाबी होतं. ती चाचणी अधिक भरवशाची. ओटीचं रसायन विषारी आहे, म्हणून नळीतलं पाणी बेसिनमध्ये ओतून हात धुवायचे.

सकाळी पाणी सुरू झाल्यावर सहा ठिकाणी मोजलं. पालिकेच्या लाइनवर ०.५. ए विंगेच्या खालच्या टाकीत ०.४, गच्चीवर ०.३. बी विंगेच्या खालच्या टाकीत शून्य, गच्चीवर शून्य, तिसऱ्या मजल्याच्या नळाला शून्य. एवढ्यावर पालिकेचं पाणी बाजूला झालं आणि सगळा संशय एका टाकीवर येऊन थांबला. पाणी सुरू होतानाचा नमुना आणि दहा मिनिटांनंतरचा नमुना, असे दोन्ही घेतले होते. नळ ठरावीक वेळ येतो तिथे बंद काळात पाइप रिकामे होऊन बाहेरचं पाणी शोषलं जाऊ शकतं. ते असतं तर पहिल्या नमुन्यात क्लोरीन कमी निघाला असता.

नळाचा नमुना एचटूएसच्या, म्हणजे मैलातले जिवाणू असले तर काळी पडणाऱ्या, बाटलीतही भरून ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बाटली काळी झाली. म्हणजे पाण्यात मैलाचा अंश असण्याची दाट शक्यता. ही चाचणी स्वस्त आहे, पण ढोबळ. प्रयोगशाळेचा नमुना वेगळा घ्यावा लागतो. बाटली निर्जंतुक हवी आणि तिच्यात सोडियम थायोसल्फेट घातलेलं हवं, नाहीतर वाटेत क्लोरीन जंतू मारत राहतो आणि अहवाल खोटाच चांगला येतो. नळाची जाळी काढायची, तोंड ज्योतीने शेकायचं, दोन-तीन मिनिटं पाणी सोडायचं, बाटलीच्या तोंडाला बोट लागू द्यायचं नाही, बर्फाच्या डब्यात ठेवून सहा तासांच्या आत पोहोचवायची. बिसलरीच्या रिकाम्या बाटलीत भरून संध्याकाळी नेऊन दिलेल्या नमुन्याला काही अर्थ नसतो. अहवालात ई. कोलाय आढळला.

घाण आली कुठून

सेक्रेटरींनी वॉचमनला विचारलं, ‘काका, टाकीचं झाकण शेवटचं कधी उघडलं?’ ‘दिवाळीच्या आधी, साहेब.’ आठ-नऊ महिने झाले होते. झाकण फरशीच्या बरोबरीने बसवलेलं होतं, त्याला उंच कट्टा नव्हता. पावसाचं पाणी फटीतून आत झिरपत होतं हे खरं, पण तेवढ्याने ३०,००० लिटरचा क्लोरीन संपत नाही.

टाकी उपसल्यावर खरं कारण दिसलं. ओव्हरफ्लोच्या चार इंची पाइपाच्या तोंडाखाली तळावर काळ्या गाळाचा पंखा पसरला होता. पाइपाच्या तोंडाशी जाड, टोकाकडे विरळ. त्यात वेफर्सच्या पाकिटाचा एक तुकडा. गाळ टाकीत साचून बसला असता तर सगळीकडे सारखा पसरला असता. हा पाइपातून आत आला होता. पाइपाचं दुसरं टोक गेटजवळच्या पावसाळी गटाराच्या चेंबरमध्ये थेट उघडत होतं. चेंबरच्या भिंतीवर पाण्याची ताजी काळी रेघ होती, पाइपाच्या तोंडाच्या जवळपास एक वीत वर.

सिडकोने हे शहर खाडीकाठच्या सखल, भराव घातलेल्या जमिनीवर वसवलं. म्हणून इथे डच पद्धतीचे होल्डिंग पाँड, म्हणजे धारण तलाव, बांधले आहेत. ओहोटीला गटाराचं पाणी तलावातून खाडीत जातं. भरतीला तोंडावरच्या झडपा बंद होतात आणि पाऊस पडत असेल तर पाणी तलावात व गटारांत तुंबून राहतं. मोठं उधाण आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की तुंबलेलं पाणी चेंबरमध्ये वर चढतं, त्यात उफाळलेल्या मलनि:सारण चेंबरचंही मिसळतं. टाकीचा ओव्हरफ्लो त्याच चेंबरला जोडलेला असेल तर तो बाहेर जाण्याची वाट राहत नाही, आत येण्याची होते. उधाण एका रात्रीचं नसतं. अमावास्येच्या मागचेपुढचे दोन-तीन दिवस भरती मोठीच असते, म्हणून प्रत्येक भरतीला थोडं थोडं पाणी आत येत राहिलं. ए विंगेचा पाइप बागेत जमिनीच्या वर उघडा सुटत होता. ती विंग वाचली ती एवढ्यामुळेच.

२८ घरं काय करत होती

घरोघरी विचारून यादी केली. गैरसमज नेमके कुठे दगा देतात ते या यादीत दिसलं. १६ घरांत आरओ होता, त्यातल्या पाच घरांत आजारपण आलं. पाच घरं पाणी उकळत होती, त्यातलं एक. तीन घरांत नळाला फडकं किंवा जाळी होती, त्यांतली दोन. दोन घरं २० लिटरचे जार घेत होती, त्यातलं एक. दोन घरं थेट नळाचं पीत होती, दोन्ही घरांत आजारपण.

आरओ असून पाच घरं कशी? मेंब्रेन, म्हणजे आरओतला गाळणारा पडदा, धड असेल तर ती जंतूही अडवते, त्यात वाद नाही. पण ७२-८० टीडीएसचं पाणी आरओतून गेलं की आठ-दहावर येतं, बेचव लागतं आणि ग्राहक तक्रार करतो. मग तंत्रज्ञ टीडीएस कंट्रोलरचा स्क्रू सैल करतो. त्या स्क्रूने नळाचं थोडं पाणी मेंब्रेनला वळसा घालून शुद्ध पाण्यात मिसळतं. मीटरवर आकडा ४०-५० दिसतो, सगळे खूश होतात, आणि त्या वळशाच्या पाण्यातले जंतू थेट ग्लासात येतात. पुढे जंतू मारणारा यूव्हीचा दिवा चालू असेल तर निभावतं. तीन घरांत स्क्रू उघडा होता आणि दिवा गेलेला. हा दिवा साधारण ८,००० तास चालतो. नंतर तो पेटलेला दिसला तरी त्याचा जोर ओसरलेला असतो. चौथ्या घरात आरओचं पाणी फक्त प्यायला वापरायचे. बर्फ, चटणी आणि चूळ भरणं सगळं नळाचं. पाचव्या घरात मशीनच्या टाकीला आतून बुळबुळीत थर होता. आरओतला कार्बन क्लोरीन काढून टाकतो, म्हणून साठवलेल्या त्या सात-आठ लिटरांना कसलंच संरक्षण उरत नाही.

या पाण्याला आरओची गरजच नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये टीडीएस ५०० च्या खाली असेल तिथे आरओवर बंदी आणायला सांगितलं ते याच कारणाने. घरगुती मशीन एक लिटर देताना सुमारे तीन लिटर सोडून देतं. दिवसाला २० लिटर धरले आणि सगळ्या ५६ घरांत आरओ असला तर रोज ३,३६० लिटर पाणी मोरीत जाईल. आणि ‘खनिजं जातात’ या भीतीलाही फारसा अर्थ नाही. मोरब्याच्या पाण्यात मुळात खनिजं अगदी थोडी आहेत. कॅल्शियम मिळतं ते दुधा-दह्यातून, नाचणीतून.

उकळणाऱ्या पाच घरांतली तीन घरं २० मिनिटं उकळत होती. गॅस वाया. पाण्याला खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरे. जिवाणू मरतात आणि काविळीचे विषाणूही. आजारी पडलेल्या घराने उकळण्यात कसूर केली नव्हती. उकळलेलं पाणी माठात ओतलं होतं, पण माठाच्या तळाशी कालचं नळाचं पाणी होतं आणि वरून ग्लास बुडवला जायचा. उकळलेल्या पाण्यात क्लोरीन नसतो, म्हणून नंतरच्या हातापासून ते वाचवावं लागतं. तोटीचं भांडं किंवा लांब दांड्याचा ओगराळा हवाच. उकळल्याने टीडीएस कमी होतो हाही समज चुकीचा. वाफ उडते, क्षार मागे राहतात.

नळाला बांधलेलं फडकं गाळ अडवतं आणि ओलं राहून स्वतःच जंतूंचं घर होतं. एका घरी तुरटी फिरवत होते. तुरटीने गढूळपणा तळाशी बसतो, जंतू मरत नाहीत. मात्र गढूळ पाण्यात क्लोरीन नीट काम करत नाही, म्हणून आधी तुरटी, मग क्लोरीन हा क्रम बरोबर आहे. तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्यातले काही जिवाणू घटतात हे खरं, पण साथ सुरू असताना त्यावर विसंबणं धोक्याचं. जारवाल्या घरात कोशिंबिरीची काकडी नळाखाली धुतली होती.

थेट नळाचं पिणाऱ्या एका घरातल्या काकू म्हणाल्या, ‘गेल्या महिन्यात नळाला औषधाचा वास यायचा, तो गेला म्हणून आम्ही उलट निर्धास्त झालो.’ यादीतलं हे सगळ्यात महत्त्वाचं वाक्य होतं. वास गेला तेव्हाच काळजी करायला हवी होती. वास नको असेल तर पाणी अर्धा-पाऊण तास पसरट भांड्यात झाकून ठेवायचं, वास बराच उतरतो. आणि नळाचं पाणी दुधासारखं पांढरं आलं म्हणजे क्लोरीन जास्त झाला असंही नाही. ग्लास भरून ठेवा. तळापासून वर निवळत गेलं तर ती हवा. वरून निवळून तळाशी थर बसला तर गाळ.

दुरुस्ती

ओव्हरफ्लोचा पाइप चेंबरपासून तोडला आणि जमिनीच्या वर, चेंबरपासून वीतभर मोकळी हवा राहील असा सोडला. तोंडाला बारीक जाळी. चेंबरमध्येच एकमार्गी झडप बसवण्याचा प्रस्ताव होता, तो नाकारला. झडपेत एक पिशवी अडकली की ती उघडी राहते, आणि ते कुणाला दिसत नाही. झाकणाभोवती फूटभर उंचीचा कट्टा बांधला.

टाकीत माणूस उतरवण्याआधी पंपाची वीज मेन स्विचवरून तोडली, दोन्ही झाकणं उघडून तासभर पंखा लावला, कमरेला दोर बांधला आणि वर दोन माणसं उभी ठेवली. बंद टाकीत प्राणवायू कमी असू शकतो, आणि गुदमरलेल्याला काढायला उतरलेला दुसराही जातो. टीसीएलसोबत, म्हणजे ब्लीचिंग पावडरसोबत, ॲसिड किंवा संडास धुण्याचं द्रव कधीही वापरायचं नाही. त्यातून विषारी वायू सुटतो.

गाळ काढून भिंती घासल्या. मग १०० लिटर पाण्यात ६० ग्रॅम टीसीएल पावडर, म्हणजे लिटरला सुमारे २०० मि.ग्रॅ. क्लोरीन, असं द्रावण भिंतींना व तळाला लावून अर्धा तास ठेवलं आणि उपसून टाकलं. टाकी ३०,००० लिटर भरताना लिटरला २ मि.ग्रॅ. या हिशेबाने ६० ग्रॅम क्लोरीन हवा होता. ताज्या टीसीएलमध्ये ३३ टक्के क्लोरीन असतो, म्हणजे १८० ग्रॅम पावडर. पण सोसायटीची पिशवी गेल्या पावसाळ्यातली, उघडी, दमट. अशा पावडरीत २० टक्केही उरलेला नसतो. म्हणून ती टाकून नवीन आणली. पावडर थेट टाकीत ओतायची नाही. बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा आणि वरचं नितळ पाणी टाकीत येणाऱ्या धारेखाली सोडायचं. नाहीतर चुना पंपात आणि व्हॉल्व्हमध्ये अडकतो.

गच्चीची टाकी धुतल्यावर तिच्यात ३,००० लिटर पाणी घेऊन ९० ग्रॅम टीसीएलचं द्रावण घातलं, म्हणजे लिटरला १० मि.ग्रॅ. सगळ्या घरांना आधी नोटीस, आरओच्या तोट्या बंद. प्रत्येक नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडला, मग बंद केला, रात्रभर पाणी पाइपात ठेवलं आणि सकाळी धुऊन काढलं. उभ्या पाइपांत जुनी घाण तशीच राहिली तर टाक्या धुऊन उपयोग नाही, आणि हीच पायरी बहुतेक ठिकाणी सुटते. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या मजल्याच्या नळाला ०.३ क्लोरीन आला. चार दिवसांनी पुन्हा घेतलेल्या नमुन्यात ई. कोलाय नव्हता.

ऑगस्टमधली कावीळ

ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात बी विंगेत तिघांना कावीळ झाली. सोसायटीत एकच गदारोळ. टाकी धुऊन तीन आठवडे झाले, मग पाणी अजून खराबच आहे, सगळ्यांसाठी मोठा आरओ प्लांट बसवा, असा आग्रह सुरू झाला. पण दूषित पाण्यातून होणारी कावीळ लगेच दिसत नाही. हिपॅटायटिस एचा विषाणू पोटात गेल्यापासून लक्षणं दिसायला दोन ते सात आठवडे लागतात, हिपॅटायटिस ईला दोन ते दहा. ऑगस्टची कावीळ जुलैच्या उधाणाच्या पाण्याची होती. कावीळ झालेल्याने काल काय प्यायलं हे विचारून उपयोग नसतो, महिनाभरापूर्वी काय प्यायलं ते विचारावं लागतं. रोज मोजलेल्या क्लोरीनची वही उघडून दाखवली. दुरुस्तीनंतर एकही दिवस आकडा ०.२ च्या खाली नव्हता. सप्टेंबरमध्ये आणखी एखादी कावीळ निघू शकते, हेही आधीच सांगून ठेवलं.

याच काळात दोन गोष्टी घरोघरी बजावल्या. जुलाबात पाणी बंद करायचं नाही, उलट द्यायचं. ओआरएसचं पूर्ण पाकीट एक लिटर पाण्यात, अर्धं पाकीट ग्लासभर पाण्यात नाही. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. आणि गरोदर बाईचे डोळे पिवळे दिसले तर चुन्याच्या पाण्याने कावीळ उतरवून घेण्यात एक दिवसही घालवायचा नाही, थेट हॉस्पिटलात न्यायचं. हिपॅटायटिस ई शेवटच्या तिमाहीत जिवावर बेततो. सहाव्या मजल्यावर सातव्या महिन्याची एक मुलगी होती. तिच्या तपासण्या लगेच करून घेतल्या.

आरओ प्लांटचा ठराव बारगळला. पुढच्या अमावास्येला पुन्हा मोठी भरती आणि पाऊस एकत्र आले. गेटजवळचं चेंबर काठोकाठ भरलं होतं. वॉचमन काकांनी सकाळी सात वाजता तिसऱ्या मजल्यावरून पाणी आणून नळीत घेतलं, ओटी टाकली आणि वहीत ०.३ लिहिलं.